पुण्यात फ्रॉस्ट पडत नाही, मग लार्कस्परचं बी कधी टाकायचं?

सोसायटीतल्या काकू परवा बियांचं पाकीट घेऊन दारात उभ्या होत्या. चष्मा कपाळावर, पाकिटाची मागची बाजू माझ्यापुढे धरलेली. "अगं, यावर लिहिलंय, शेवटच्या फ्रॉस्टच्या सहा आठवडे आधी पेरा. आपल्याकडे शेवटचा फ्रॉस्ट कधी असतो गं?"

प्रश्न रास्त आहे आणि दर ऑक्टोबरात कुणी ना कुणी तो विचारतंच. लार्कस्पर, स्वीट पी, पॅन्झी, पॉपी या थंडीत फुलणाऱ्या फुलझाडांचं बी आता घरबसल्या मागवता येतं. पण पाकिटावरच्या सूचना इंग्लंड-अमेरिकेच्या हवेसाठी लिहिलेल्या असतात आणि बागकामाचे व्हिडिओही बरेचसे तिकडचेच. त्या सूचना पुण्यात जशाच्या तशा पाळल्या तर बी वाया जातं आणि बाजूला ठेवल्या तर पेरायचं कधी हेच कळत नाही. मात्र त्या ओळीमागचा हिशोब एकदा समजला की तो आपल्याकडेही चालतो, फक्त उलट्या टोकाकडून मांडावा लागतो.

## फ्रॉस्ट म्हणजे काय?

कडाक्याची थंडी पडली की महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाजवळ दव गोठल्याचे फोटो वर्तमानपत्रात येतात. गवतावर, बोटींवर, गाड्यांच्या टपांवर पांढरा, खरखरीत थर साचलेला दिसतो. हाच फ्रॉस्ट. त्याच बातमीत महाबळेश्वरचं किमान तापमान मात्र शून्याच्या बरंच वर दिलेलं असतं आणि वाचणारा बुचकळ्यात पडतो.

वेधशाळेचा तापमापक जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर, झडपांच्या पांढऱ्या लाकडी पेटीत असतो. तो हवेचं तापमान सांगतो. आकाश निरभ्र असेल आणि वारा पडलेला असेल, तर जमीन आणि पानं आपली उष्णता थेट आकाशात सोडत राहतात आणि आजूबाजूच्या हवेपेक्षाही गार होतात. पुण्यात हे रोज बघायला मिळतं. डिसेंबरच्या पहाटे उघड्यावर लावलेल्या स्कूटरची सीट दवाने ओली असते आणि पत्र्याखाली लावलेली कोरडी. दोघींभोवती हवा तीच, पण पत्र्याखालच्या सीटला आकाश दिसत नाही. वेण्णा तलावाजवळ हेच आणखी पुढे जातं आणि पान शून्यापर्यंत उतरतं.

पुणे तिथवर जात नाही. भारतीय हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यात आलं, म्हणून शिवाजीनगरच्या त्या इमारतीला लोक अजून सिमला ऑफिस म्हणतात. शिवाजीनगरच्या नोंदींतली आजवरची सर्वात गार पहाट १७ जानेवारी १९३५ ची, १.७ अंश सेल्सिअस. एरवी डिसेंबर-जानेवारीतलं सरासरी किमान तापमान अकरा-बारा अंशांच्या आसपास असतं. थंडीची लाट आली तर ते सात-आठवर येतं. त्यामुळे काकूंच्या प्रश्नाचं सरळ उत्तर असं, की शिवाजीनगर-कोथरूडच्या बागेला फ्रॉस्ट डेट नाहीच.

## मग तिकडचे लोक ती तारीख कशी ठरवतात?

आपण म्हणतो, पुण्यात मॉन्सून साधारण दहा जूनला येतो. कधी तो सात तारखेला येतो, कधी वीस उजाडते. दहा जून ही अनेक वर्षांच्या नोंदींवरून काढलेली तारीख आहे, ते कुणी दिलेलं वचन नव्हे. फ्रॉस्ट डेटही तशीच. हिवाळा संपताना शेवटचा फ्रॉस्ट कधी पडला याच्या पुष्कळ वर्षांच्या नोंदी घेऊन तिथली एक सरासरी तारीख काढतात. त्या तारखेनंतरही पुन्हा फ्रॉस्ट पडू शकतो आणि पडतोही.

"सहा आठवडे आधी पेरा" हा सल्ला कसा दिला जातो, हे समजायला आपल्याकडची धूळपेरणी आठवा. पाऊस यायच्या आधीच कोरड्या मातीत बियाणं टाकून ठेवायचं, कारण ते बी तेवढे दिवस दम धरू शकतं. प्रत्येक पिकाला हे जमत नाही. तिकडचा माळी फ्रॉस्टच्या आधी फक्त काटक फुलझाडं लावतो, ज्यांना हार्डी म्हणतात. झिनिया, कॉसमॉस, झेंडू ही नाजूक मंडळी. एका फ्रॉस्टमध्ये ती काळी पडतात, म्हणून त्यांना धोका टळेपर्यंत थांबवलं जातं.

## काटक झाड गोठत का नाही?

हाताने फिरवायच्या पॉटमध्ये आइस्क्रीम करताना बघितलं असेल, तर बर्फात मीठ का घालतात हे ठाऊक असेल. मिठाने पाण्याचा गोठणबिंदू खाली जातो. साखरेनेही जातो. काटक झाडाला सलग काही दिवस गारवा मिळाला की ते पेशींत साखर आणि तत्सम द्रव्यं साठवू लागतं, त्यामुळे पेशीतलं पाणी शून्यावर लगेच गोठत नाही. बर्फ झालाच तर आधी पेशींच्या मधल्या जागेत होतो आणि पेशी तेवढं सोसते. नाजूक झाडाकडे ही तयारी नसते. त्याच्या पेशी फुटतात आणि सकाळी ऊन लागलं की पान शिजवलेल्या पालकासारखं लोळतं.

या तयारीला दहा-पंधरा दिवस लागतात. म्हणून तिकडे घरात वाढवलेलं रोप एकदम बाहेर नेत नाहीत, रोज थोडा वेळ बाहेर ठेवून सवय लावतात. पुण्यात तेवढ्या थंडीचं भय नाही. आपल्याला हेच उन्हासाठी करावं लागतं.

## थंडी सोसणं वेगळं, गारवा लागणं वेगळं

इथे बहुतेकांची गफलत होते. लार्कस्पर किंवा स्वीट पीला फ्रॉस्ट आवडत नाही, ती झाडं तो फक्त सोसतात. त्यांना हवा असतो गारवा, आणि तो सगळ्यात जास्त लागतो बी रुजताना.

स्वीट पी मूळची सिसिलीची. फ्रान्सिस्को कुपानी नावाच्या ख्रिस्ती साधूने १६९९ मध्ये तिचं बी तिथून इंग्लंडला पाठवलं. सिसिलीत उन्हाळा रखरखीत आणि कोरडा, पाऊस हिवाळ्यात. तिथे हे बी शरद ऋतूत गारवा आला की रुजतं, हिवाळाभर मुळं धरतं, वसंतात फुलतं आणि उन्हाळा बीच्या रूपात काढतं. कॅलेंड्युला आणि लार्कस्परची घराणीही भूमध्य समुद्राच्या परिसरातलीच. गरम माती म्हणजे पुढे कोरडा काळ, आत्ता उगवलो तर मेलो, हे अशा बियांच्या अंगात मुरलेलं असतं. ऑक्टोबर हीटमध्ये टाकलेलं लार्कस्परचं बी उगवत नाही, तेव्हा ते अनेकदा खराब नसतं, थांबलेलं असतं.

बारकाईने पाहिलं तर आपलं वेळापत्रक लंडनपेक्षा या फुलांच्या माहेराला जवळचं आहे. लंडनचा माळी हिवाळा टळायची वाट बघतो. सिसिलीतलं बी उन्हाळा टळायची वाट बघतं, आणि पुणेकराने नेमकं तेच करायचं आहे.

मी एका वर्षी लार्कस्परचा एक ट्रे सप्टेंबरअखेर लावला आणि दुसरा चार नोव्हेंबरला. पाकीट एक, कोकोपीट एक, गॅलरी एक. पहिल्या ट्रेमध्ये तीन आठवड्यांत दोन रोपं दिसली, बाकी शेवाळ. दुसऱ्यात चौदाव्या दिवशी मान वाकवलेले हिरवे दोरे रांगेने वर आले होते. त्या दिवसापासून मी बी टाकताना पाकिटाकडे कमी आणि रात्रीच्या तापमानाकडे जास्त बघते.

## पुण्याच्या हिवाळ्याला दोन दारं

तिकडे फ्रॉस्टच्या दोन तारखा असतात, वसंतातली शेवटची आणि शरदातली पहिली. त्यांच्या मधला काळ तो हंगाम. आपल्या हिवाळी फुलांनाही दोन दारं आहेत, पण दोन्ही उष्णतेची.

पहिलं दार रात्रीच्या तापमानाचं. ऑक्टोबरात पुण्याचं सरासरी किमान तापमान एकोणीसच्या आसपास असतं, नोव्हेंबरात पंधरा, डिसेंबरात बारा. सलग चार-पाच रात्री पारा अठराच्या खाली राहिला की दार उघडलं असं मी समजते. बहुतेक वर्षी हे ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात घडतं. दुसरं दार दुपारच्या तापमानाचं. फेब्रुवारीत सरासरी कमाल बत्तीसच्या घरात असतं आणि मार्चमध्ये पस्तीस ओलांडतं. पॅन्झीची फुलं तेव्हा बोराएवढी होऊ लागतात, स्वीट पीच्या पानांवर भुरी चढते.

दोन दारांमध्ये साधारण सव्वाशे दिवस मिळतात. हिशोब या सव्वाशे दिवसांचा करायचा. लार्कस्परला पेरणीपासून फुलायला नव्वद ते शंभर दिवस लागतात. पाच नोव्हेंबरला पेरलं तर फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात तुरे येतात आणि दोन-तीन आठवडे बहर बघायला मिळतो. तेच दहा डिसेंबरला पेरलं तर कळी येईपर्यंत मार्चचा मध्य उजाडतो आणि तुरा अर्ध्यातच करपतो. कॅलेंड्युलाचा जीव सोपा. पन्नास-साठ दिवसांत ती फुलते, त्यामुळे डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातही तिचा दुसरा हप्ता खुशाल टाकावा. डॉग फ्लॉवरला लार्कस्परइतकाच किंवा थोडा जास्त वेळ लागतो, त्याची रोपं उशिरा करण्यात अर्थ नाही.

ज्यांना एम्प्रेस गार्डनच्या जानेवारीतल्या पुष्पप्रदर्शनात कुंडी ठेवायची असते, त्यांना हा हिशोब सांगावा लागत नाही. ते सव्वीस जानेवारीच्या सुमाराची तारीख धरून नव्वद दिवस मागे मोजतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात येऊन थांबतात.

## "आम्ही दसऱ्यालाच बी टाकतो, आजवर काही बिघडलं नाही"

दसऱ्याचा संकेत चांगला आहे. नवरात्रात घटातलं धान नऊ दिवसांत हातभर होतं, ते पाहून कुंड्या भरायची इच्छा होतेच. पण घटात गहू-ज्वारीसारखं धान्य असतं आणि नवरात्रातल्या उबेत ते जोमाने वाढतं. लार्कस्परला तीच ऊब नको असते.

शिवाय दसरा चंद्राच्या तिथीवर चालतो, हवा सूर्यावर. २०२३ मध्ये दसरा २४ ऑक्टोबरला होता, २०२४ मध्ये १२ ऑक्टोबरला आणि २०२५ मध्ये २ ऑक्टोबरला. एकाच नियमाने पेरणी तीन आठवड्यांनी पुढेमागे झाली. ज्या वर्षी दसरा उशिरा आला, त्या वर्षी बी मस्त उगवलं. ज्या वर्षी लवकर आला, त्या वर्षी दुकानदाराने जुनं बी दिलं असं वाटलं.

आपल्या शेतकऱ्यांकडे यासाठी पक्कं मोजमाप आहे, ते म्हणजे सूर्याची नक्षत्रं. पावसाचा आणि पेरणीचा हिशोब ते मृग, आर्द्रा, हस्त असा करतात आणि ही नक्षत्रं दरवर्षी जवळपास त्याच तारखांना लागतात. हस्त सप्टेंबरच्या शेवटी, चित्रा दहा-अकरा ऑक्टोबरला, स्वाती चोवीस ऑक्टोबरच्या आसपास. हस्त-चित्रात माती भरायची, शेणखत आणि निंबोळी पेंड मिसळून कुंड्या मुरायला ठेवायच्या आणि स्वाती लागली की बी टाकायचं. पुण्यासाठी याहून सोपी फ्रॉस्ट डेट मला माहीत नाही.

## "पुणं एवढं मोठं, सगळीकडे एकच तारीख कशी?"

नसतेच. हिवाळ्यात तापमानाच्या बातम्या बघा. पाषाण, एनडीए, हवेली इथला पारा खाली असतो आणि त्याच पहाटे मगरपट्टा किंवा वडगावशेरीत तो चांगला चार-पाच अंशांनी वर असतो. गार हवा जड असते, पाण्यासारखी उताराने वाहते आणि खोलगट, मोकळ्या जागी साचते. दाटीच्या वस्तीत दिवसभर तापलेल्या भिंती रात्रभर ऊब सोडत राहतात.

सातव्या मजल्यावरची पश्चिमेची गॅलरी आणि पाषाणच्या बंगल्यामागचं अंगण यांत म्हणूनच आठ-दहा दिवसांचा फरक धरावा. गॅलरीवाल्यांनी स्वातीच्या उत्तरार्धात, म्हणजे नोव्हेंबर लागल्यावर पेरावं आणि फेब्रुवारीत दुपारच्या उन्हाला हिरवी जाळी लावावी. साधा तापमापक कुंडीच्या उंचीवर, सावलीत टांगून रोज सकाळी आकडा लिहिला तर दोन वर्षांत स्वतःच्या गॅलरीची तारीख हातात येते. उन्हाळा लवकर येतो की काय हेही त्यातून दिसतं. २०२३ चा फेब्रुवारी कमाल तापमानाच्या हिशोबात १९०१ पासूनचा देशातला सर्वात उष्ण फेब्रुवारी ठरला होता.

## "वेळेवर लावूनही स्वीट पी फुललीच नाही"

ही तक्रार मी फार ऐकते. वेल सहा फूट चढतो, पानं हिरवीगार, फूल एक नाही. इथे दोष तापमानाचा नसतो, दिवसाच्या लांबीचा असतो.

स्वीट पीच्या जाती दिवस किती तासांचा झाला हे मोजून कळी धरतात. हिवाळी जातींना साधारण दहा तासांचा दिवस पुरतो, वासंतिक जातींना अकरा आणि उन्हाळी जातींना बारा. लंडनचा सर्वात लहान दिवस आठ तासांहूनही कमी असतो. पुण्यात बावीस डिसेंबरलाही दिवस अकरा तासांचा असतो, त्यामुळे पहिल्या दोन गटांतली स्वीट पी इथे भर थंडीत फुलू शकते. पण बाजारात सगळ्यात देखणी म्हणून मिळणारी स्पेन्सर जात बहुतांशी तिसऱ्या गटातली आहे. बारा तासांचा दिवस आपल्याकडे मार्चच्या मध्यावर येतो, तोवर दुसरं दार बंद झालेलं असतं. पाकीट घेताना रंगाआधी जात वाचा. लवकर फुलणारी, हिवाळी किंवा वासंतिक असं लिहिलं असेल तरच घ्या.

आणि घरात लहान मुलं असतील तर स्वीट पीच्या शेंगा त्यांच्या हाती लागू देऊ नका. दिसायला वाटाण्यासारख्या असल्या तरी त्या विषारी असतात. लार्कस्परही तसंच.

## "काटक तेवढीच हिवाळी, असं समजायचं का?"

बऱ्याच अंशी हो, पण तंतोतंत नाही. नॅस्टर्शियम फ्रॉस्टने मरतं, म्हणून तिकडच्या यादीत ते नाजूक. पुण्यात मात्र ते कॅलेंड्युलाच्याच रांगेत हिवाळ्यात लावायचं. पिटुनियाही तिकडे अर्धवट काटक समजतात, इथे ती हिवाळ्याची राणी आहे. नाजूक यादीतल्या झिनिया, झेंडू, कॉसमॉस आपल्याकडे पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात चालतात. उलट सात-आठ अंशांची पहाट आपल्या तुळशीला जड जाते, पानं गळतात. तिला भिंतीच्या आडोशाला घ्या आणि पाणी कमी करा.

## "रोपं तयार मिळतात, मग बी कशाला?"

पिटुनिया, डायन्थस, पॅन्झी, डॉग फ्लॉवर यांची रोपं जरूर आणा. सोलापूर रस्त्याला मांजरी-उरुळी कांचनच्या रोपवाटिकांत नोव्हेंबरभर ढीग असतो. पिशवीत आधीच फुललेलं रोप मात्र घेऊ नका. पोसलेलं, बिनफुलांचं, बुटकं रोप घ्या आणि लावल्यावर शेंडा खुडा, फुटवे येतील.

लार्कस्पर आणि पॉपी यांचं तसं नाही. त्यांचं सोटमूळ लवकर खोल जातं आणि हलवलं की रुसतं. ती जागच्या जागी पेरावीत. पॉपीचं बी रव्यापेक्षा बारीक, ते मुठभर वाळूत मिसळून भुरभुरावं आणि वर माती टाकू नये, त्याला उजेड लागतो. पॉपी घेताना एक नक्की तपासा. काही परदेशी पाकिटांत शोभेची म्हणून दिलेली पॉपी ही प्रत्यक्षात अफूची जात असते, आणि परवान्याशिवाय अफूचं झाड लावणं १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याने गुन्हा आहे. शर्ली पॉपी वेगळी, ती लावायला हरकत नाही.

## "ऑक्टोबर हीट लांबली तर बी फ्रीजमध्ये ठेवावं का?"

लार्कस्परसाठी हो, पण कोरडं पाकीट नुसतं आत ठेवून काही होत नाही. बीला आत पाणी गेल्यावरच गारवा कळतो. बी ओलसर कापडात गुंडाळून झाकणाच्या डबीत घालायचं आणि खालच्या कप्प्यात दोन आठवडे ठेवायचं. बर्फाच्या कप्प्यात नाही. पॅन्झीच्या ट्रेला मी फ्रीज वापरत नाही. स्वयंपाकघरात माठाच्या तिवईखाली, ओल्या फरशीवर वर्तमानपत्राने झाकून ठेवते. माठातून झिरपणाऱ्या पाण्यामुळे घरातली ती सर्वात गार जागा असते, आणि पॅन्झीच्या बीला अंधार हवाच असतो. रोज सकाळी कागद उचलून बघायचं, पहिला कोंब दिसला की त्याच दिवशी ट्रे उजेडात.

ट्यूलिपबद्दलही विचारलं जातं. त्याच्या कंदाला तीन महिन्यांहून अधिक काळ नऊ अंशांखालचा गारवा लागतो. तो पुण्याच्या हवेत मिळत नाही. आधीच थंड करून विकलेले कंद एकदा फुलतात, पुढच्या वर्षी ते पुन्हा फुलतील अशी आशा धरू नये.

काकूंच्या पाकिटातलं अर्धं बी सध्या माझ्या फ्रीजमध्ये, कोथिंबिरीच्या डब्याच्या मागे आहे. डबीवर चिकटपट्टी लावून तारखा लिहिल्या आहेत. आत ठेवलं १४ ऑक्टोबर, बाहेर काढायचं २८ ऑक्टोबर. उरलेलं अर्धं काकूंनी फ्रीजशिवाय पेरायला ठेवलंय, त्याच दिवशी, त्यांच्या कुंडीत. कोणाचं आधी उगवतं ते बघायला रोज सकाळी दूध घ्यायला उतरताना त्या माझ्या गॅलरीत डोकावणार आहेत.